औषध एखाद्यालाच का बाधते?

(रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी औषधांविषयी बोलणार आहे. कोणत्या रोगावर कोणते औषध चांगले, ते मात्र मी सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचे. माझा विषय निराळा आहे. एकच औषध पुष्कळ माणसे घेतात. बहुतेकांना गुण येतो, आणि एखादा त्याच औषधाने आजारी पडतो. असे का व्हावे?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात दोघांना हिवताप आला. एक घरधनी, आणि दुसरा त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. तो पाहुणा आला होता. दोघांनाही थंडी वाजली, अंग तापले, घाम येऊन ताप उतरला. एक दिवस बरा गेला आणि ताप पुन्हा चढला. दवाखान्यात दोघांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात एकाच जातीचे जंतू निघाले. दोघांना त्याच गोळ्या मिळाल्या.

घरधनी खडखडीत बरा झाला. मेहुण्याचे मात्र उलटेच झाले. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. डोळे पिवळे दिसू लागले. चार पावले चालला की धाप लागे.

आता गाव काय म्हणेल? एक जण म्हणेल, "गोळ्या बनावट असतील." दुसरा म्हणेल, "डॉक्टरनं जास्त दिल्या." तिसरा विचारील, "पथ्य मोडलं का?" एखादी म्हातारी म्हणेल, "बाहेरचं काहीतरी आहे." आणि मग सगळे मिळून ठरवतील की ह्या गोळ्या कुणीच घ्यायच्या नाहीत. घरोघरच्या गोळ्या उकिरड्यावर जातील. दोन-तीन महिन्यांनी त्याच घरांत पुन्हा थंडी वाजू लागेल.

गोळी बनावट नव्हती. डॉक्टर चुकला नव्हता. पथ्याचाही काही संबंध नव्हता. फरक होता तो मेहुण्याच्या रक्तात. तो फरक तो आईच्या पोटातून घेऊन आला होता. आणि तोवर त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

ह्या गोळीचे नाव प्रायमाक्विन. हिवतापावर आणखीही गोळ्या आहेत. मग हीच कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे. हिवतापाच्या एका जातीचे जंतू मोठे लबाड असतात. काही रक्तात फिरतात, आणि काही यकृतात, म्हणजे उजव्या बरगड्यांखाली, दडून बसतात. दुसऱ्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात. ताप उतरतो. माणूस म्हणतो, बरा झालो. पण दडलेले जंतू आठवड्यांनी, कधी महिन्यांनी बाहेर येतात आणि ताप उलटतो. डास नव्याने चावलेला नसला तरी उलटतो. त्या दडलेल्या जंतूंना मारणारी औषधे फार थोडी आहेत. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळते ती प्रायमाक्विन. ती रोज अशी १४ दिवस घ्यायची असते. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जातो, म्हणून लोक पुढच्या गोळ्या सोडून देतात. तेही बरे नव्हे. पण तो विषय आज नको.

तर ही गोळी काहींनाच का बाधते, ते कसे कळले? ती गोष्ट आपल्याकडची नाही, अमेरिकेची आहे. पण आपल्या दवाखान्यातल्या गोळीचीच ती गोष्ट आहे, म्हणून ऐका.

दुसऱ्या महायुद्धात हिवतापाने सैनिकांना हैराण केले होते. जुन्या कोयनेलाने भागत नव्हते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्टेटव्हिल नावाचा मोठा तुरुंग होता. १९४४ साली शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथल्या कैद्यांवर नव्या औषधांचे प्रयोग सुरू केले. कैद्यांना मुद्दाम हिवतापाचे डास चावू देत आणि मग औषध देत. कैद्यांनी राजीखुशीने सह्या केल्या होत्या, असे कागदावर आहे. पण गजाआडच्या माणसाची राजीखुशी ती कितीशी खरी? पुढे ह्यावर मोठा वाद झाला. तो व्हायलाच हवा होता, असे माझे मत आहे.

१९५० ते १९५३ ह्या काळात कोरियात लढाई झाली. तिथून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना प्रायमाक्विन देऊ लागले. बहुतेकांना काहीच त्रास झाला नाही. पण आफ्रिकी वंशाच्या काही सैनिकांची लघवी काळी झाली आणि रक्त कमी झाले. तुरुंगातही हेच दिसले होते. काही थोड्या कैद्यांना गोळी बाधे, बाकीच्यांना नाही.

खोट नेमकी कशात, ते कळेना. ह्या माणसांच्या पोटात गेल्यावर गोळीचे विष होते की काय? की त्यांचे रक्तच नाजूक आहे?

डॉक्टरांनी एक युक्ती केली. ज्याला गोळी बाधते त्याचे थोडे रक्त काढले. त्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर त्यांनी एक खूण केली. आपण मेंढरांच्या कळपात आपले मेंढरू ओळखायला रंगाचा ठिपका देतो ना, तशीच. ही खूण क्रोमियम नावाच्या धातूची होती आणि यंत्राला ती दिसत असे. मग ते खुणेचे रक्त एका धडधाकट माणसाच्या अंगात घातले. ह्या माणसाला गोळी बाधत नव्हती. त्याला गोळी दिली. काय झाले? त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या. खुणेच्या पाहुण्या पेशी मात्र भराभर फुटल्या!

मग उलटा प्रयोग केला. धडधाकट माणसाच्या पेशींवर खूण करून त्या गोळी बाधणाऱ्याच्या अंगात घातल्या. त्याला गोळी दिली. ह्या वेळी पाहुण्या पेशी टिकल्या.

आता तुम्हीच सांगा, खोट कशात? बरोबर. त्या तांबड्या पेशीत. हे १९५४ साली सिद्ध झाले. दोन वर्षांनी, १९५६ साली, पॉल कार्सन आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी त्या पेशीत काय कमी आहे तेही शोधून काढले. त्या द्रव्याचे नाव लांबलचक आहे. दवाखान्यात त्याला थोडक्यात जी-सिक्स-पीडी म्हणतात. तेवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हे द्रव्य पेशीत काय करते? नांगराचा फाळ पावसात उघडा टाकला तर गंजतो. त्याला तेलाचा हात फिरवून ठेवला तर टिकतो. तांबड्या पेशीलाही एक तऱ्हेचा गंज चढत असतो. जी-सिक्स-पीडी हे तिचे तेल समजा. प्रायमाक्विन पोटात गेली की हा गंज एकदम वाढतो. तेल भरपूर असेल तर पेशी तगते. तेल कमी असेल तर ती फुटते. फुटलेल्या पेशीतला तांबडा रंग लघवीतून जातो, म्हणून लघवी काळी. पेशी कमी झाल्या, म्हणून धाप. डोळ्यांचा पिवळेपणाही त्यातूनच येतो.

आपली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. हे तेल तिला जन्मताना मिळते तेवढेच. नवे करता येत नाही. म्हणून म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात. आफ्रिकी लोकांत जो प्रकार आढळतो त्यात कोवळ्या पेशी पुष्कळशा वाचतात आणि माणूस सावरतो. आपल्या देशात जे प्रकार आहेत, त्यांतल्या एका नेहमीच्या प्रकारात कोवळ्या पेशींतही तेल फार थोडे असते. त्यामुळे पेशी फुटतच राहतात आणि माणूस जिवावर येऊ शकतो. एरवी, औषधाच्या वाटेला गेला नाही, तर हाच माणूस शेतात इतरांच्या बरोबरीने राबतो. त्याला काही रोग आहे असे कुणी म्हणणार नाही.

आता हे तेल कमी का असते, ते सांगतो. तुम्ही नुकतेच लिहायला शिकला आहात, म्हणून तुम्हाला हे चटकन समजेल. आपले शरीर कसे घडवायचे, ह्याचा मजकूर प्रत्येकाच्या अंगात बारीक बारीक लिहिलेला असतो. त्या मजकुराच्या एकेका भागाला जनुक म्हणतात. आईबापांच्या मजकुरावरून मुलाची प्रत उतरते. उतरवताना कधीतरी एखादे अक्षर बदलते. 'चवीपुरते मीठ घालावे' असे लिहायचे आणि लिहिले 'चवीपुरते पीठ घालावे'. अक्षर एकच चुकले. पण स्वयंपाक बिघडला. जी-सिक्स-पीडीच्या मजकुरात बहुधा असेच एखादे अक्षर बदललेले असते. आणि मग पुढच्या पिढ्या तीच प्रत उतरत जातात.

ह्यात एक गंमत आहे. नीट ऐका, कारण नात्यागोत्याचा मामला आहे. ह्या मजकुराच्या बाईजवळ दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. पुरुषाजवळ एकच प्रत असते, आणि ती आईकडून आलेली असते. म्हणून बाईची एक प्रत बिघडली तरी दुसरी बहुधा काम भागवते. तिला सहसा त्रास होत नाही. पण तिच्या मुलाला ती बिघडलेली प्रत मिळाली तर त्याच्याजवळ दुसरी नाही. आईच्या दोनांपैकी कोणती प्रत कुणाच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही. नाणे उडवल्यासारखे आहे.

आता आपल्या त्या घराकडे या. मेहुण्याला गोळी बाधली. त्याची बिघडलेली प्रत त्याच्या आईकडून आली. तीच प्रत त्याच्या बहिणीकडेही आली असेल. ती बहीण म्हणजे घरधन्याची बायको. ती ठणठणीत आहे. घरधन्याला तर गोळी मानवलीच. मग त्यांचा मुलगा आजारी पडला की बाप काय म्हणेल? "मला काही झालं नाही, पोराला काय होणार?" पण बापाकडे पाहून इथे काही कळत नाही. मामाकडे पाहावे लागते. मामाला बाधले ते भाच्याला बाधू शकते.

मामाच्या स्वतःच्या मुलांना ते त्याच्याकडून येत नाही. मुलींना मात्र हटकून येते. त्या मुली धडधाकट दिसतात आणि त्यांच्या मुलांना ते जाऊ शकते. म्हणजे आजोबाकडून नातवाकडे, मधली पिढी ओलांडून. आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल पुष्कळ घरांत आहे. मामालाही हा उणेपणा आणि भाच्यालाही, अशा घरात जन्मलेल्या मुलीला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळू शकतात. मग तिलाही पुरुषाइतकाच त्रास होतो. एकच प्रत बिघडलेल्या बायकांतही कुणाकुणाला त्रास होतो. म्हणून 'हे पुरुषांचं, बायकांना तपासायला नको' असे म्हणू नये.

आणि हे ऐकून सुनेला बोल लावू नका, बरं का. "तुझ्या माहेरचं दुखणं आणलंस" असे म्हणणारी तोंडे गावात असतात. अक्षर कुणी मुद्दाम चुकवत नाही. तिच्या आईच्या आईलाही ते ठाऊक नव्हते.

हा उणेपणा जगात चाळीस कोटींहून अधिक लोकांत आहे, असा अंदाज आहे. आपल्या देशात काही समाजांत तो जवळजवळ नाहीच. काही समाजांत शंभर पुरुषांत पंधरा-वीस जणांत सापडतो. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी १९६३ साली पारशी समाजाची तपासणी छापून प्रसिद्ध केली. तिथे तो बऱ्याच जणांत निघाला. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचे तर नावच ह्याच्या एका प्रकाराला आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात एक प्रकार सापडला, त्याला 'कल्याण' म्हणू लागले. पुढे कळले की केरळात सापडलेला प्रकार आणि हा एकच. अक्षर तेच बदलले होते. तेव्हापासून दोन्ही नावे जोडून 'केरळ-कल्याण' म्हणतात. आदिवासी भागांतही तो पुष्कळ ठिकाणी आढळतो. कोकणातला असो, डोंगरातला असो, शहरातला असो, कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

तो इतका पसरला कसा? शास्त्रज्ञ सांगतात की हिवतापाच्या जंतूला ही कमी तेलाची पेशी मानवत नाही. ज्या मुलखात हिवतापाने मुले दगावत, तिथे ही खोट असलेली मुले थोडी जास्त वाचली. ती मोठी झाली, त्यांना मुले झाली, आणि खोट वाढली. म्हणजे एके काळी हिनेच जीव वाचवले. पण त्यामुळे आज पंचाईत अशी झाली आहे की जिथे हिवताप फार, तिथेच ही गोळी बाधणारी माणसेही जास्त. आणि गोळीची गरजही तिथेच जास्त.

म्हणून गोळी टाकून देणे हा उपाय नाही. उपाय आहे तपासणी. बोटातून किंवा शिरेतून थोडे रक्त घेतात आणि जी-सिक्स-पीडी पुरेसे आहे की नाही ते पाहतात. प्रत्येक आरोग्य केंद्रात ही सोय असेलच असे नाही. पण विचारावे. मोठ्या दवाखान्यात होते. मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या अशा विकारांसाठी सरकारी संशोधन संस्थाच आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोळी बाधून पेशी फुटल्यावर लगेच तपासले तर कधी कधी सगळे ठीक दिसते. कारण कमी तेलाच्या पेशी तर फुटून गेल्या, उरल्या त्या कोवळ्या. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते.

ज्याच्यात हे द्रव्य कमी आहे, त्याचा हिवताप तसाच राहू द्यायचा का? नाही. डॉक्टर अशा माणसाला रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, नजरेखाली ठेवून ही गोळी देऊ शकतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. गरोदर बाईला ही गोळी देतच नाहीत, कारण पोटातल्या बाळाचे रक्त कसे आहे ते कळत नाही.

प्रायमाक्विन एकटीच अशी नाही. कुष्ठरोगाच्या औषधांत डॅप्सोन नावाची गोळी असते, तीही अशा लोकांना बाधू शकते. लघवीच्या जळजळीवर देतात त्यांतलेही एखादे औषध बाधते. औषधच नव्हे, कपड्यांच्या पेटीत ठेवतो त्या पांढऱ्या डांबरगोळ्याही. अशा गोळ्यांतले कपडे किंवा दुपटे तसेच काढून तान्ह्या बाळाला गुंडाळू नये. परदेशात, इटली आणि ग्रीसकडे, फावा नावाच्या शेंगांचे दाणे खाऊनही असे होते. आपला वाल आणि पावटा त्या जातीचे नव्हेत. उगाच भाजीला भिऊ नका.

रक्तासारखाच फरक यकृतातही असतो. क्षयाच्या औषधांत आयसोनायझिड असते. काहींचे यकृत ते लवकर निकामी करून टाकते, काहींचे सावकाश. हाही आईबापांकडून आलेला गुण. आपल्या देशात सावकाशवाले पुष्कळ आहेत. त्यांच्या अंगात औषध जास्त वेळ राहते. मग काहींच्या पायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधांचे संशोधन करणारे केंद्र निघाले. तिथे ह्याचा चांगला अभ्यास झाला. उपाय स्वस्त आहे. ब-६ जीवनसत्त्वाची गोळी सोबत घ्यायची. क्षयाचे औषध थांबवायचे नाही. त्या औषधांतल्या एकामुळे लघवी नारिंगी होते, ती मात्र भिण्यासारखी नव्हे. नारिंगी निराळी, आणि कोऱ्या चहासारखी काळी निराळी.

काळी लघवी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्या पाहू म्हणू नका. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. लघवी काळी होण्याची कारणे दुसरीही असतात, जबर हिवतापानेही ती होते. डॉक्टर पाहून सांगतील. घरातल्या ज्यांना गोळी मानवते आहे, त्यांनी आपले चौदा दिवस पुरे करावेत.

पुष्कळदा असे होते की औषध बाधलेले लोकांच्या लक्षात राहते, पण नाव राहत नाही. "कसली तरी पिवळी गोळी होती." एवढ्यावरून डॉक्टर काय ओळखणार? पूर्वी नाव लिहून ठेवायला गावात माणूस शोधावा लागे. आता तुम्हाला लिहिता येते. प्रायमाक्विन हा शब्द जोडाक्षरांचा आहे, म्हणून मी तो फळ्यावर मोठा लिहितो. वह्या काढा. त्या घरधन्याच्या मुलाने आपल्या शिधापत्रिकेत कोणती चिठ्ठी जपून ठेवावी, ती आपण लिहू या.

"माझ्या मामांना प्रायमाक्विन गोळी बाधली होती. तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली आणि डोळे पिवळे झाले. माझी जी-सिक्स-पीडी तपासणी अजून झालेली नाही. मला ही गोळी देण्यापूर्वी तपासणी करावी, ही विनंती."

खाली नाव, गाव आणि तारीख घाला.